पूर्ततावाले नाना

महापालिकेचं पत्र आलं की इतर सोसायट्यांच्या सेक्रेटरींचा रक्तदाब वाढतो, आमच्या नानांची भूक वाढते. चष्मा पुसून ते पत्र उभ्याउभ्याच वाचतात, 'सात दिवसांच्या आत पूर्तता करावी' या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढतात आणि स्वयंपाकघराकडे हाक देतात, "अगं, आज थालीपीठ होऊन जाऊ दे!" उभी हयात पाटबंधारे खात्यात टिपण्या लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर जावक क्रमांकाचा कागद घरबसल्या हाती पडतो, यापरतं सुख ते कुठलं?

नानांचं पर्यावरणावर प्रेम आहे असं मी म्हणणार नाही. ते स्वतःही म्हणत नाहीत. "पर्यावरण सायन्सवाल्यांनी बघावं. मी पूर्तता बघतो." पावतीशिवाय ते कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाहीत. मंडईतले भाजीवाले त्यांना लांबून पाहिलं की हिशेबाची वही काढून ठेवतात.

पुण्यात सोसायटीने गांडूळखत, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण किंवा सौरऊर्जा यांतलं एक काही केलं तर मिळकतकरात 5 टक्के सवलत मिळते, दोन केली तर 10. नानांनी तिन्ही केली. तिसऱ्याचे पैसे मिळत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. "एक राखीव असू द्यावं" एवढंच ते म्हणाले. गच्चीवरून उतरणारा पावसाचा पाइप जमिनीत जाताना दिसतो, पण पुढे तो कुठे जातो याची चौकशी कुणी करू नये. गांडूळखताचा खड्डा मात्र अगदी दर्शनी जागी, पार्किंगच्या कडेला, पाटीसकट. त्यात ओल्या कचऱ्याखेरीज सर्व काही असे: शहाबादी फरशीचे तुकडे, एक मोडकी तीनचाकी सायकल आणि दोन मांजरं.

तपासणीची कुणकुण लागली की हालचाल सुरू व्हायची. सायकल गच्चीवर, मांजरं हद्दपार, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर शेण, आणि पलीकडच्या सोसायटीतून बादलीभर गांडुळं. तिथल्या सेक्रेटरींशी नानांचा लेखी व्यवहार आहे. त्याची स्वतंत्र वही आहे, आवक-जावक रकान्यांची. 'प्राप्त गांडुळे, अंदाजे दोन किलो, सुस्थितीत.' परत करताना पुन्हा सही. एकदा तपासायला आलेल्या निरीक्षकाने खड्ड्यात डोकावून म्हटलं, "नाना, ही गांडुळं मी परवा पलीकडच्या सोसायटीत पाहिली."

"असतील. गांडुळं काय मतदार आहेत साहेब, पत्ता बदलला की कळवायला?"

तो हसला, आणि हसता हसता त्याने शेऱ्यात लिहिलं, 'पुन्हा तपासणी करावी.' ते वाचून नाना खूश. पुन्हा तपासणी म्हणजे पुन्हा पत्र.

वह्यांचं खरं कौशल्य कचऱ्याच्या वजनात दिसतं. घनकचऱ्याच्या नियमांत रोजचा कचरा सरासरी 100 किलोंच्या वर गेला की सोसायटी मोठ्या कचरा निर्मात्यांत जमा होते आणि मागे नाना तऱ्हेची कामं लागतात. कमी दाखवावा, तर गांडुळांनी खाल्लं काय, असा प्रश्न येतो. म्हणून आमच्या वहीत कचरा 94, 97, 96, 98 असा बेताबेताने चालतो. बाहेरगावी गेलेली बिऱ्हाडं आणि घरी आलेले पाहुणे यांचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, फटाक्यांची खोकी आणि मिठाईचे पुठ्ठे जिन्यापर्यंत आले होते तेव्हा, 99.

पण नानांचं खरं तेज दिसलं ते गुलमोहराच्या प्रकरणात. गुलमोहर वाढून त्याची सावली सौर पॅनलवर पडायला लागली. आता एका सवलतीला ऊन हवं, आणि झाडांच्या 1975 च्या कायद्याला नुसती फांदी कापायची तरी परवानगी हवी. कुणीतरी सभेत म्हणालं, झाडच काढून टाका ना. नानांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. 2021 च्या दुरुस्तीनंतर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात, आणि पन्नाशी गाठलेलं झाड म्हणजे वारसा वृक्ष. मग नाना टेप घेऊन खोडाचा घेर मोजायला गेले आणि सोळा वर्षांखालच्या क्रिकेट संघात मुलगा बसवू पाहणाऱ्या बापासारखे त्या झाडाचं वय कमी करत बसले. अडतीसवरून एकतीसवर आणलं. तरी एकतीस झाडं लावायची कुठे? पार्किंगमध्ये?

शेवटी फांद्या छाटण्याचा अर्ज गेला, झाडावर नोटीस लागली, आणि बी विंगमधल्या काकूंनी हरकत घेतली, कारण वर बुलबुलाचं घरटं होतं. काकूंनी वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या होत्या. नानांनी त्या वाचल्या आणि कळवळून म्हणाले, "काकू, अशी हरकत टिकणार नाही हो. विषय नाही, संदर्भ नाही, परिच्छेदांना क्रमांक नाहीत." मग रात्री बसून त्यांनी काकूंची हरकत स्वतः लिहिली, तीन पानी, घरट्याच्या फोटोसह. दुसऱ्या दिवशी तिला सोसायटीतर्फे चार पानी उत्तर लिहिलं. दोन्ही एकदमच नेऊन दिली आणि दोन्हींवर पोच घेतली. दोन फांद्यांची परवानगी आली तेव्हा जून उजाडला होता आणि कापायला काही कारण उरलं नव्हतं, कारण ऊनच नव्हतं. बुलबुलाची पिल्लं तोवर उडून गेली होती. नानांनी त्याचीही नोंद केली.

यंदा भलतंच झालं. गेल्या तपासणीनंतर बादली परत करताना थोडी गांडुळं खड्ड्यातच राहिली असावीत. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी, उगाच ओझं कशाला वाहायचं म्हणून, मेथीचे देठ आणि केळीची सालं तिथेच टाकायला सुरुवात केली. वॉचमन पाणी शिंपडत राहिला. एके दिवशी त्याने खालून काळं, चहापत्तीसारखं मोकळं खत काढून नानांना दाखवलं. पंधरवड्याचं मिळून चार किलो.

नानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांच्या वहीत कित्येक वर्षं रोज 12 किलो खत निघत होतं, 'सभासदांना वाटप' या शेऱ्यासह. "आता खरं लिहायचं म्हटलं तर उत्पादन एकदम घसरलेलं दिसणार," ते मला म्हणाले. "कारणे दाखवा येईल. कारण काय दाखवू? प्रकल्प सुरू झाला हे?"

त्यांनी रात्रभर विचार केला. सकाळी वॉचमनला घेऊन नर्सरीत गेले, खताची सहा पोती रिक्षात घातली. नर्सरीवाल्याने विचारलं, "नाना, बिल कुणाच्या नावाने फाडू?"

"बिल?" नाना इकडेतिकडे पाहत म्हणाले. "बिल राहू द्या."