साडूंचे चोवीस बिट

निवृत्तीचे पैसे हातात पडताच आमच्या साडूंनी 'हाय-रेझ' संगीत घेतले. ते म्हणजे नेमके काय, हे विचारायची चूक मी केली. सीडीत आवाजाचे नमुने सेकंदाला 44,100 वेळा टिपतात, यात 1,92,000 वेळा. सीडी 16 बिटांची, हे 24. "एमपीथ्रीच्या नादी लागू नका," साडू म्हणाले. "128 केबीपीएस म्हणजे सीडीच्या अकराव्या हिश्शाएवढा माल. मोठ्या आवाजाखाली बारीक आवाज कानाला कळत नाही, म्हणून छाटून टाकतात. तंबोऱ्याचं काय होत असेल, विचार करा!" मी केला. तंबोऱ्याबद्दल खरेच वाईट वाटले.

आता एवढे नमुने घेतले की 96 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज साठवता येतो. माणसाचा कान ऐन तारुण्यात वीसपर्यंत पोचतो, आणि साडू 63 वर्षांचे आहेत. वरचा सगळा माल वटवाघळांच्या उपयोगाचा. सोसायटीमागच्या वडावर आहेत काही. त्यांची अजून तक्रार नाही.

आणि साडूंनी लावले कोण? अब्दुल करीम खाँसाहेब. ते गेले 1937 साली. तीनेक मिनिटांच्या लाखेच्या तबकडीत मावले तेवढे त्यांचे गाणे उरले. खरखर मात्र आता पूर्ण चोवीस बिटांची. "सुई कशी ऐकू येते बघा," साडू गहिवरून म्हणाले.

हा सगळा ऐवज फोनमधून स्पीकरकडे जातो तो ब्लूटूथने. तारा लोंबतात, केर काढता येत नाही, म्हणून साडूंच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, तारांना घरात बंदी केली आहे. ब्लूटूथ तर गाणे पुन्हा छाटून, दाबूनच पुढे सोडते. म्हणजे देवगडहून हापूसची पेटी पेंढ्यात जपून आणायची, आणि दाराशीच पिळून रस तेवढा आत घ्यायचा. हे मी बोललो नाही. चहा यायचा होता.

भाची बरी. एक इयरबड तिच्या कानात, दुसरा मैत्रिणीच्या. अर्धा वाद्यमेळ हिला, अर्धा तिला, आणि गाणे मोबाइलच्या स्वस्तातल्या डेटावर. दोघी बसस्टॉपवर ताल धरून उभ्या असतात.

इकडे खाँसाहेब वरच्या षड्जावर पोचले. साडूंनी डोळे मिटले. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या ताईंनी ओरडून विचारले, "अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

साडू डोळे न उघडता म्हणाले, "अजून एकही नाही."

मी पाच मोजल्या होत्या.