वाटाड्या, वायर आणि वीतभर अंतरावरचा फ्यूज

मु. पो. बाड कानश्टाट, स्टुटगार्ट, जर्मनी

तीर्थरूप आबा आणि मातोश्री, मु. पो. वाणगाव, ता. डहाणू, जि. पालघर, यांच्या सेवेशी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, वाणगावच्या नातवाने आपल्या मोटारसायकलवर दिशादर्शक बसवून त्याचा आवाज हेल्मेटात घेण्याचा बेत जाहीर केला असून, स्टुटगार्टच्या घरात तेच काम एकदा चुकीचे आणि एकदा बरोबर असे दोन्ही प्रकारे झालेले असल्यामुळे या विषयावर साधार विवेचन करण्याचा अधिकार या घराला आपोआप प्राप्त झाला आहे. परदेशातून येणाऱ्या निरोपांत कर्ता सापडत नाही आणि क्रियापद हरवलेले असते, ही आबांची तक्रार रास्त असल्याने प्रस्तुत पत्र ग्रंथाच्या भाषेत लिहिले आहे. ग्रंथात प्रथमपुरुष शोभत नाही. म्हणून पुढे वर्णिलेल्या चुका कोणाच्या हातून झाल्या, हे थोरल्या चिरंजीवांच्या नावाचा वारंवार होणारा उल्लेख पाहून वाचकांनीच ठरवावे.

विषयाचा आरंभ कानश्टाटपासून करणे सोयीचे आहे, कारण १८८५ साली गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी याच गावात लाकडी सांगाड्यावर अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन बसवून जी दुचाकी तयार केली, ती जगातील पहिली मोटारसायकल मानली जाते. डाइमलरच्या मुलाने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती शेजारच्या उंटरट्यूर्कहाइमपर्यंत नेली, आणि इंजिनाची तापलेली नळी बैठकीच्या अगदी खाली असल्याने वाटेत बैठकीनेच पेट घेतला, असे सांगतात. त्या फेरीत दिशादर्शक नव्हता आणि बॅटरीही नव्हती. तरीही मोटारसायकलस्वाराच्या जीवनाचा मूळ सिद्धांत तीत पूर्णपणे आलेला आहे, तो असा की वाट चुकली तर फार तर उशीर होतो, पण बैठकीखाली काय चालले आहे याकडे दुर्लक्ष झाले तर चटका बसतो. हल्ली बैठकीखाली बॅटरी असते, आणि नातवाचे लक्ष मात्र अद्याप पडद्याच्या आकारावरच आहे.

दिशादर्शक, म्हणजे ज्याला सर्वजण जीपीएस म्हणतात ते यंत्र, बोलके वाटत असले तरी स्वभावाने श्रोता आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापल्या अणुघड्याळातील वेळ सतत प्रक्षेपित करतात, आणि निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने पोहोचले यावरून यंत्र आपली जागा काढते. संदेश प्रकाशाच्या वेगाने येत असल्याने घड्याळात एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची, चूक झाली तर जागा ३०० मीटरने सरकते, आणि वाणगावच्या फलाटाच्या एका टोकाला उभा असलेला मनुष्य दुसऱ्या टोकाला दिसू लागतो. ही व्यवस्था मुळात अमेरिकी सैन्याची असून सामान्य नागरिकांना मिळणारा संदेश मे २००० पर्यंत मुद्दाम अंधुक ठेवला जात असे. भारतानेही आता इस्रोच्या उपग्रहांवर चालणारी ‘नाविक’ ही स्वतःची प्रणाली उभारली आहे. अमेरिकेला आपले अंगण दिसते काय, या मातोश्रींच्या शंकेचे उत्तर असे की उपग्रह आकाशवाणीप्रमाणे एकतर्फी सांगत असतात, आणि घोलवडला चिकू आणायला कोण गेले हे त्यांना कळत नाही. ते नकाशाच्या ॲपमार्फत ॲपच्या कंपनीला कळते, ही गोष्ट वेगळी आणि अधिक विचार करण्याजोगी आहे. जागा काढायला फोनची रेंज लागत नाही, नकाशा उतरवायला मात्र लागते. म्हणून जव्हारचा घाट चढण्याच्या इराद्याने निघणाऱ्याने नकाशा घरीच उतरवून ठेवावा.

वाणगावात विचारले की कोणीही वाट सांगतो, मग यंत्र कशाला, हा आबांचा आक्षेप निम्मा खरा आहे. डहाणू, तलासरी आणि पालघर या तालुक्यांत पाटीलपाडे इतके आहेत की यंत्राला नुसते ‘पाटीलपाडा’ सांगितल्यास ते अत्यंत आत्मविश्वासाने भलत्याच पाटलांच्या दारात उभे करते, आणि चारोटीजवळच्या महालक्ष्मीच्या गावाचे, विवळवेढ्याचे, नाव इंग्रजी आवाजात उच्चारताना ते खरोखरच विवळते. तथापि पावसाळ्याच्या रात्री, जेव्हा विचारायला रस्त्यावर कोणी नसते आणि महामार्ग ४८ वर मालमोटारींची रांग मागे लागलेली असते, तेव्हा ‘पाचशे मीटरवर डावीकडे’ एवढे कानात सांगणारा वाटाड्या फार उपयोगी पडतो. येथे ‘कानात’ या शब्दावर भर आहे. या संपूर्ण खटाटोपाचा हेतू वाट दाखवणे हा दिसत असला, तरी खरा हेतू नजर रस्त्यावर ठेवणे हाच आहे, आणि पुढील प्रत्येक सूचना त्याच कसोटीवर तपासून घ्यावी.

प्रथम बसवणुकीचा विचार करू जाता, बहुतेक साध्या हँडलची नळी २२ मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्यावर क्लॅम्प आवळून फोनचा धारक बसतो. तो मीटरच्या काट्यांवर सावली धरणार नाही आणि मान न झुकवता दिसेल, अशा जागी असावा. फोन थेट हँडलवर जखडल्यास इंजिनाची थरथर त्याच्या कॅमेऱ्यातील चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला बाधते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये स्वतःच दिला असल्याने मध्ये रबरी गादी असलेला धारक घ्यावा किंवा घरातला जुना फोन या कामाला जुंपावा. त्यानंतर हँडल डावीकडे पूर्ण आणि उजवीकडे पूर्ण फिरवून वायर कोठे ताणली जाते काय हे पाहावे. थोरल्या चिरंजीवांनी वायर नेटकी दिसावी म्हणून तारेसारखी ताठ बांधली होती. परिणामी प्रत्येक वळणावर प्लग निघून येई, आणि यंत्र केवळ सरळ रस्त्यावर वाट दाखवू लागले.

आता वायरिंग. मोटारसायकलची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि फोनला साधारणपणे ५ व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये दाब उतरवणारा चार्जर लागतो. तो ५ व्होल्टला २ अँपिअर, म्हणजे १० वॅट देत असेल, तर बॅटरीकडून जेमतेम एक अँपिअर घेतो. शेजारच्या तारापुरात १९६९ पासून अणुवीज तयार होत असताना दहा वॅटचे भय वाणगावकरांना वाटण्याचे कारण नाही. भय वाटावे ते वायरीचे, कारण तिचे वेष्टण घासून आतील तांबे सांगाड्याला टेकले की हीच गरीब दिसणारी बॅटरी आपला सगळा साठा एकदम सोडू पाहते आणि वायर चुलीतल्या निखाऱ्यासारखी लाल होते. यासाठी बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज बसवावा. फ्यूज चार्जरच्या रक्षणासाठी असतो हा समज सार्वत्रिक आणि चुकीचा आहे. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो, आणि तो हँडलपाशी चार्जरला खेटून बसवणे म्हणजे चोर ओटीवरून माजघरात शिरल्यावर परसदाराला कडी घालण्यासारखे आहे.

चार्जर बॅटरीला थेट जोडावा की चावीमागून, हा या शास्त्रातील मुख्य वाद होय. थोरल्या चिरंजीवांनी तो थेट जोडला, आणि गणपतीला महिनाभर वाणगावला राहून कुटुंब परतले तेव्हा बॅटरी पार उतरलेली होती. गणित सरळ आहे: चार्जर रिकामा बसून २० मिलिअँपिअर जरी पीत असला, तरी गावाकडच्या लहान गाडीची ४ अँपिअर-तासांची बॅटरी २०० तासांत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत, कोरडी होते. यावर उपाय रिले. रिले म्हणजे लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडणारा स्विच. ग्रामपंचायतीत सरपंचांची सही झाल्यावर ग्रामसेवक पैसे काढतात, त्यातला हा प्रकार आहे. चावी फिरवली की इशारा मिळतो, काढली की व्यवहार बंद. एका चार्जरपुरते टेललाइटच्या वायरीवरूनही भागते, परंतु मग चार्जर बिघडून सामाईक फ्यूज उडाला तर काळोख्या रात्री मागचा दिवाही त्याच्याबरोबर जातो.

येथे मायदेश आणि परदेश यांच्या संबंधाविषयी एक सुखद बाब नोंदवली पाहिजे. बोईसरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा रिले उलटा करून पाहिल्यास त्याच्या पायांशी ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे कोरलेले आढळतात. ते कोणा कारखान्याचे गुप्त अंक नसून डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातील आहेत. ३० म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी धन वायर, ८७ म्हणजे उपकरणाकडे जाणारी, आणि ८५ व ८६ ही इशाऱ्याच्या वेटोळ्याची दोन टोके. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत हे सांगून येथील सभांत टाळ्या मिळवता येतात. पण भाषणावाचून टिकलेले नाते पाहायचे असेल, तर ते त्या चार पायांवर उभे आहे.

जोडांविषयी मातोश्रींचे ज्ञान पुस्तकांपेक्षा वरचढ आहे. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही पद्धत लोकप्रिय असली, तरी चिंचणीकडून येणारी खारी हवा आणि पालघरचा पाऊस यांच्यापुढे ती पहिल्या श्रावणापर्यंतही टिकत नाही. नुसता कथलाचा डाग दिला तर त्या जागी वायर ताठ होते आणि थरथरीने डागाला लागूनच तुटते. म्हणून थिंबल दाबून बसवावे आणि त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव चढवावी. चार्जरचे तोंड खाली ठेवून वायरीला त्याखाली मुद्दाम झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत सॉकेटात न शिरता झोळाच्या तळाशी ठिबकेल. जर्मन पुस्तकांत या युक्तीसाठी आकृत्या काढतात. कौलांच्या पागोळ्या अंगणात कोठे पडाव्यात याचा विचार करून ज्यांनी पन्हळ बांधली, त्यांना आकृतीची गरज नाही.

राहता राहिले हेल्मेट. पहिल्या प्रयोगात थोरल्या चिरंजीवांनी आवाजासाठीही वायरच वापरली, आणि फोनला वीज व ध्वनी या दोन्ही वाटांनी गाडीचे अर्थिंग मिळाल्याने इंजिनाचा वेग वाढेल तसतसा कानात सनईसारखा सूर चढू लागला. दहाव्या शतकातील हाराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून ज्याचे नाव पडले, त्या ब्लूटूथने हा तंटा मिटवला, कारण बिनतारी जोडणीत अर्थिंगची दुसरी वाट उरतच नाही. त्याचे चपटे स्पीकर हेल्मेटात कानांसाठी असलेल्या खळग्यात बसतात. ते अर्ध्या बोटाने सरकले तरी आवाज निम्मा होतो, म्हणून आधी गाणे लावून नेमकी जागा चाचपावी आणि मगच चिकटवावे. जागा अपुरी वाटली तरी आतील थर्मोकोल कधीही कोरू नये, कारण डोक्याला बसणारा मार झेलण्याचे काम त्या थराचेच आहे. स्पीकर मावत नसेल तर दुसरे हेल्मेट घ्यावे, आणि तेही आयएसआय चिन्हाचे. ताशी शंभरच्या वेगाला हेल्मेटातील वाऱ्याचा आवाज सुमारे शंभर डेसिबेलच्या घरात जातो, आणि त्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवणे म्हणजे कानांवर दुहेरी कर बसवणे होय. वेग कमी करणे हाच स्वस्त उपाय आहे.

कायद्याच्या बाबतीत दोन्ही देशांचे आश्चर्यकारक एकमत आहे. जर्मनीत हेल्मेट १९७६ पासून सक्तीचे असून चालवताना फोन हातात धरण्यास मनाई आहे. भारतात मोटार वाहन अधिनियमाचे कलम १२९ हेल्मेट सांगते, आणि ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार चालकाचे लक्ष विचलित न होता केवळ मार्ग पाहण्यापुरताच फोन वापरता येतो. त्यात भजन, क्रिकेटचे समालोचन आणि आत्याचा फोन हे बसत नाहीत, ही गोष्ट नातवाला आबांनी सांगितलेली बरी, कारण त्यांचे तो ऐकतो.

सारांश, या सामग्रीतील सर्वांत महाग वस्तू पडदा असून तिच्याकडे सर्वांत कमी पाहावे, आणि सर्वांत स्वस्त वस्तू फ्यूज असून तिच्याकडे सर्वांत आधी पाहावे. ज्या दिवशी नातू बोईसरहून वाणगावपर्यंत पडद्याकडे एकदाही न पाहता येईल, त्या दिवशी काम नीट झाले असे समजावे; आणि ती वाट त्याला लहानपणापासून पाठ असल्याने परीक्षा तेथे न घेता जव्हारच्या वाटेवर घ्यावी. बाकी सर्व कुशल. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आज्ञाधारक,
थोरली सून
(दुसऱ्या वेळचे वायरिंग करणारी)

ता. क. काम सुरू करताना बॅटरीची ऋण वायर आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. धन टोक आधी सोडायला गेल्यास पाना सांगाड्याला टेकून ठिणगी उडते. स्वयंपाकघरातील दहा नंबरचा पाना, ज्याला थोरले चिरंजीव हल्ली हात लावत नाहीत, त्याच्या एका बाजूला अशाच ठिणगीची खूण आहे.