अगबाई, वरणात प्रोटीनच नाही!

ऐकलंत का? परवा आमच्या भिशीत अघटित घडलं. बी विंगमधल्या वहिनींनी (नाव घेत नाही, उगाच लिफ्टमध्ये तोंड फिरवतील) सगळ्यांदेखत साबुदाणा वडा नाकारला. चतुर्थीचा दिवस, वडे कढईतून थेट ताटलीत, सोबत दाण्याची दह्यातली चटणी. आणि या बाईंनी पर्समधून झाकणाचा प्लॅस्टिकचा पेला काढला, त्यात पाणी ओतलं, पावडर टाकली आणि अशा काही खडाखड हलवायला लागल्या की आतल्या खोलीत निजलेलं नातवंड उठून बसलं.

"उपवासाला चालतं का गं हे?" कुणीतरी चाचरत विचारलं.

"न चालायला काय झालं? दुधाचंच आहे की!"

झालं. यजमानीणबाईंचा चेहरा वड्यापेक्षा लाल.

एकट्या वहिनींचं काय घेऊन बसलात, अख्खी सोसायटी वाहवत गेलीय. वॉचमनच्या टेबलावर येणारी निम्मी खोकी त्या पावडरींची. डबे पाहिलेत कधी? धुण्याची पावडर भरून ठेवावी एवढाले. माझ्या शेजारणीने मुलाच्या रिकाम्या डब्यात इंद्रायणी तांदूळ भरलाय आणि म्हणते, आता कुठे डब्यात खाण्यासारखं काही आलं. दुकानदारांनीही वारा ओळखला. अमूलच्या ताकाच्या पाकिटावर १५ ग्रॅम प्रोटीन, कुल्फीतसुद्धा प्रोटीन. २०२५च्या जुलैत तर मॅकडोनाल्ड्सने म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्नसंस्थेला हाताशी धरून बर्गरमध्ये घालायची ५ ग्रॅम प्रोटीनची चकती काढली. बर्गर खायचा आणि वर तब्येतीला जपतोय म्हणायचं! आम्ही मेलं आयुष्यभर घरचं ताक घुसळलं, त्याच्या पेल्यात जेमतेम दोन ग्रॅम. त्याला कोण विचारतो?

बरं, त्या पावडरीचं कूळ तरी काढाल की नाही? 'व्हे' म्हणे. चीज करताना दूध फाटलं की जे हिरवट पाणी उरतं, ते म्हणजे व्हे. श्रीखंडासाठी चक्का टांगला की खालच्या पातेल्यात जे ठिबकतं ना, त्याचंच हे भावंड. माझी आजी ते पाणी थालीपिठाच्या पिठात घालायची. आमच्या ह्यांनी हे ऐकलं मात्र, दुसऱ्या दिवशी पातेलं तोंडाला! त्यांना सांगितलं, अहो, शंभर मिलीत एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नसतं त्यात. कारखान्यात गाळून, आटवून, वाळवून मग त्याची पावडर होते. आणि फडक्यात राहिलेला चक्का? त्याला साखर-वेलची लागायच्या आत मॉलमध्ये नेऊन 'ग्रीक योगर्ट' केलंय. माहेरचं नावसुद्धा ठेवलं नाही बिचाऱ्याचं.

तर त्या भिशीत वहिनींनी मला विचारलं, "तुम्ही दिवसाला किती ग्रॅम घेता?" मला आधी वाटलं, सोन्याचं विचारतायत. मग म्हणाल्या, "आपल्या जेवणात प्रोटीनच नसतं हो." आता हे ऐकून घ्यायचं? वरणभात खाऊन चार पिढ्या वाढल्या आमच्या! यांना खोटं पाडायचंच म्हणून घरी आल्या आल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला.

आयसीएमआरने २०२० मध्ये ठरवलेलं माप आहे, धडधाकट मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. माझं वजन ६५ (पुढे कुणाला सांगू नका), म्हणजे झाले ५४. आता जमेची बाजू. सकाळचे पोहे, दिवसभरात चार पोळ्या, भात, दोन वाट्या वरण, दुधीची भाजी, पेलाभर ताक, दोन चहा. कितीही ओढूनताणून चाळिशीच्या पुढे जाईना. पुन्हा मांडला. तरी जाईना!

चोर सापडला तो वरणात. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २२ ग्रॅम प्रोटीन असतं, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती? पाहुणे आले की वरणात पाणी वाढवायचं, ही आपली रीत. आमच्याकडे पाहुणे येऊन गेले तरी ते वाढवलेलं पाणी तसंच राहिलं. तळ दिसतो वाटीचा. चार ग्रॅम निघालं तर डोक्यावरून पाणी. आणि ज्या साबुदाण्यासाठी मी वहिनींना मनातल्या मनात नावं ठेवली, त्याच्या शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा नाही. वड्यात जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं.

म्हणजे बाई खरं बोलत होती! एवढा राग आला म्हणून सांगू.

प्रोटीनने वजन उतरतं, हेही तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. प्रोटीनवाल्या जेवणाने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, चार वाजता चिवड्याच्या डब्याकडे हात जात नाही. शिवाय ते पचवायलाच शरीराचा खर्च होतो; प्रोटीनच्या शंभर कॅलरीतल्या वीस ते तीस पचनातच जातात, भात-पोळीच्या पाच-दहा. आणि मुख्य गोष्ट म्हणजे नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. माझी मावसबहीण काकडी आणि गरम पाण्यावर सहा किलो उतरली. साडी छान बसते, पण जिना चढताना कठड्याला धरून उभी राहते. म्हणून वजन उतरवताना प्रोटीन थोडं वाढवतात, किलोमागे १.२ ग्रॅम किंवा जरा जास्तच, आणि जोडीला व्यायाम. डंबेल नको असेल तर खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा.

पण आपल्याकडे अर्धंच ऐकायची खोड. तिसऱ्या मजल्यावरचे काका घ्या. जेवण होतं तेच, वर पाव किलो पनीर, येताजाता मूठ-मूठ दाणे, झोपताना प्रोटीनची वडी. दोन महिन्यांत तीन किलो. वाढले! मला विचारतात, "प्रोटीनने कमी होतं ना?" काका, प्रोटीनच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, साखरेच्या ग्रॅमलाही चारच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात प्रोटीन २५ ग्रॅम, पण कॅलरी साडेपाचशेच्या वर. तेवढंच प्रोटीन चार अंड्यांत तीनशेच्या आत मिळतं. नवीन पाहुणा पंगतीला बसवायचा तर जुन्यातलं कुणीतरी पाटावरून उठायला नको का? काकांचा भात अजून मांडी ठोकून बसलाय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगूनच टाकलंय, या पावडरींत साखर, कृत्रिम गोडी, वास असं काय काय असू शकतं, तेव्हा रोज घेऊ नका. किडनीचं दुखणं असेल त्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवूच नये. हे मी वहिनींना कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला.

पुढची भिशी माझ्याकडे आहे. मोडाच्या मटकीची उसळ, चमचा उभा राहील असं पिठलं, ज्वारीची भाकरी, अंडी चालणाऱ्यांना अंडी, आणि गोडाला बिनसाखरेचा चक्का. वरणात त्या दिवशी पाणी वाढवलेलं नसेल, पाहुणे कितीही येवोत. या सगळ्याजणी. फक्त खडखडणारी भांडी बाहेर चपलांपाशी ठेवा.