वायरिंग कसं जाळावं : नवशिक्यांसाठी पहिला धडा

गाडीचं वायरिंग जाळायला फार अक्कल लागते असा एक गैरसमज आहे. उंदरांना त्यासाठी बॉनेटखाली आठवडाभर मुक्काम ठोकावा लागतो. माणसाचं काम दोन बल्बांत होतं.

साहित्य : दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी, शंभर-नव्वद वॅटचे हेडलाइटचे दोन बल्ब, पाऊस आणि एक घाट. घाट कुठलाही चालेल. मी ताम्हिणी वापरला.

सुरुवात तक्रारीने करायची. 'लाइटच पडत नाही हो' असं निदान तिघांजवळ म्हणावं. तक्रार खरीच असते. हेडलाइटची काच पिवळी पडलेली असते, आतला रिफ्लेक्टर काळवंडलेला असतो, बल्ब कधी बदलला ते आठवत नसतं आणि अर्थिंगच्या बोल्टावर गंज चढलेला असतो. यातलं काहीही तपासायला जाऊ नका. तपासलं तर काच घासून, बोल्ट खरवडून तासाभरात काम होतं आणि या लेखाचा तुम्हाला काही उपयोग उरत नाही.

त्याऐवजी ॲक्सेसरीजच्या दुकानात जा. तिथे कंपनीच्या बल्बला कुणी चांगलं म्हणत नाही.

"साहेब, शंभर-नव्वद टाका. रात्रीचा दिवस होतो."

"वायरिंगला काही होणार नाही ना?"

"काय होतंय! सगळे टाकतात. फिटिंग सेम आहे."

फिटिंग सेम आहे, हे अगदी खरं आहे आणि सगळी गंमत त्यातच आहे. एच-४ जातीचा मूळ बल्ब साठ-पंचावन्नचा असतो, म्हणजे अप्परला ६० वॅट, डिप्परला ५५. शंभर-नव्वदवाल्याचं बूड हुबेहूब तसंच, मागे तीन पात्या तशाच. होल्डरमध्ये तो 'टक्' करून बसतो. गाडीला वॅट वाचता येत नाहीत. त्यामुळे विरोध कुठूनच होत नाही.

इथे एक चूक नवशिके हमखास करतात. 'बाहेरचा बल्ब' म्हणून ते बऱ्या कंपनीचा साठ-पंचावन्नच घेऊन येतात. त्याने काहीही जळत नाही. बल्ब गाडीच्या कंपनीचा आहे की बाहेरचा, याच्याशी वायरिंगला कर्तव्य नसतं. त्याला फक्त किती करंट वाहायचा ते कळतं. तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचा आणि मोठा असेल तोच घ्या. निळसर काचेचा साठ-पंचावन्नही नको. त्याने वायरिंग तर जळत नाहीच, उलट तो निळा लेप थोडा प्रकाश खाऊन टाकतो. म्हणजे ना उजेड, ना धूर.

आता थोडं गणित, कारण धड्यात गणित असावं लागतं. बारा व्होल्टांवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. १०० वॅट म्हणजे ८.३. सव्वातीन अँपिअर जास्त, त्यात काय एवढं! असा विचार करून निश्चिंत व्हावं. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड गावात बिअर गाळणाऱ्या एका घरातला जेम्स ज्यूल १८४१ मध्ये सांगून गेला, की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या हिशेबाने त्याच तारेत, त्याच सांध्यात पावणेतीनपट उष्णता होते. पण ज्यूलकडे कुठे गाडी होती?

तरी खरं सांगायचं तर तार बिचारी बहुतेक वेळा तग धरते. जळतात ते सांधे. म्हणून अभ्यासूंनी लक्ष होल्डरवर ठेवावं. बल्बच्या मागे जो प्लास्टिकचा तीन पात्यांचा कपलर असतो, त्यात पातळ पत्र्याच्या चिमट्या असतात. नव्या असताना त्या बल्बची पाती घट्ट धरतात. दहा पावसाळे गेले की त्यांच्यावर हिरवट राप बसतो आणि पकड सैल होते. समजा, त्या सैल जागी फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला. मूळ बल्बवर तिथे अडीच वॅट उष्णता होते. शंभरच्या बल्बवर होते जवळजवळ सात. घरातला झीरोचा बल्ब हाताला किती चटका देतो ते आठवा. त्याच्या निम्मी उष्णता एका नखाएवढ्या पत्र्यावर. तापला की चिमटा आणखी सैल होतो, सैल झाला की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की आणखी तापतो. तुम्हाला काहीच करावं लागत नाही. विरजण लावल्यासारखं आपोआप होतं. आधी प्लास्टिक तपकिरी पडतं, मग चुरमुऱ्यासारखं फुटतं, मग वितळून बल्बच्या बुडाला चिकटतं.

कुणी म्हणेल, फ्यूज उडेल ना! नाही उडत. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगळा फ्यूज असतो, दहा किंवा पंधरा अँपिअरचा. त्यातून आठ-नऊ अँपिअर चाललेत म्हणजे त्याच्या दृष्टीने सगळं क्षेमकुशल आहे. फ्यूजला करंट कळतो. पलीकडच्या होल्डरला किती ताप आलाय ते कळत नाही. आणि समजा, तो उडालाच, तर पदवी परीक्षेला बसायची हीच वेळ. त्याच्या जागी तीसचा फ्यूज घाला. फ्यूज बल्बसाठी नसून तारेसाठी असतो. ती तारेची शेवटची आशा आहे आणि आपल्याला नेमकी तीच काढून टाकायची आहे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभागही मी पाहिले आहेत. ती मंडळी पीएच.डी.ची.

ज्यांच्या जुन्या गाडीत हेडलाइटला रिलेच नाही, ते जन्मतः भाग्यवान. तिथे दोन्ही बल्बांचा करंट स्टिअरिंगखालच्या काँबिनेशन स्विचमधून जातो. अप्परवर दहा अँपिअरचे जवळजवळ सतरा होतात, आणि धूर दूर बॉनेटखाली न निघता थेट तुमच्या मांडीवर निघतो.

प्रात्यक्षिक. पुण्याहून कोकणात उतरत होतो, पाऊस, धुकं, अप्पर लावलेला. पहिला पाऊण तास मी दुकानदाराला दुवा देत होतो. खरंच रात्रीचा दिवस झाला होता. मग बायको म्हणाली, "काहीतरी करपतंय."

"पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील," मी म्हणालो.

"पुढे ट्रक नाहीये."

हे वाक्य ऐकल्यावर गाडी बाजूला घ्यायची असते. मी खिडकी खाली केली. वास बाहेरचा आहे की आतला याचा शोध घेत आणखी दोन वळणं गेलो, तेवढ्यात डावा डोळा मिटला. पाचेक मिनिटांनी उजवाही. ताम्हिणीत पावसात दोन्ही दिवे गेल्यावर दिसतं काय, तर काहीच नाही, अगदी स्वच्छ काहीच नाही. पार्किंग लाइट आणि हॅझार्ड लावून एका टेम्पोच्या मागोमाग आम्ही माणगावपर्यंत गेलो.

दुसऱ्या दिवशी वायरमनने होल्डर ओढला तो बल्बसकट हातात आला. "काका, कुणी सांगितलं होतं हे टाकायला?" मी गप्प. त्याने रिफ्लेक्टरही दाखवला, बल्बच्या वर चांदीला फोड आले होते. शंभर वॅटची भट्टी प्लास्टिकच्या डब्यात कोंडल्यावर दुसरं काय होणार!

यश टाळायचं असेल तर काय करावं, हेही सांगायला हवं, म्हणजे ते चुकून तुमच्या हातून घडणार नाही. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी होल्डरमधल्या चालू पातीवर लावली, की वाटेत किती व्होल्ट गळतात ते दिसतं. अर्ध्या व्होल्टाच्या वर गळती असेल तर दोष वाटेत आहे, बल्बात नाही. तसंच अर्थच्या बाजूलाही बघता येतं. बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के घटतो. म्हणून बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर, मध्ये रिले (त्याच्या पिनांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात : ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, उरलेल्या दोघांना जुना होल्डर) आणि चिनी मातीचा नवा होल्डर, एवढं केलं की तोच साठ-पंचावन्न नव्यासारखा पेटतो. माझ्या वायरमनने नेमकं हेच केलं, म्हणून माझी पुढची प्रगती खुंटली.

एलईडी? त्यात या धड्यापुरतं काही नाही. ते बहुधा वीस-तीस वॅटच खातात, वायरिंगला उलट आराम. अपवाद एकच. नव्या गाडीतला कंप्युटर 'बल्ब गेला' म्हणून कुरकुरायला लागला, की त्याला फसवायला एक रेझिस्टर जोडतात आणि तो इस्त्रीसारखा तापतो. प्लास्टिकला टेकवून बांधला तर आशा आहे. बाकी एलईडीने जळतात ते समोरच्याचे डोळे. एच-४ मध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती आणि रिफ्लेक्टर मिळून उजेड खाली रस्त्यावर वळवतात. फिलामेंटची जागा मिलिमीटरभर चुकली तरी हा सगळा हिशेब विस्कटतो, आणि एलईडीत तर फिलामेंटच नसतं.

कायद्याचंही उरकून टाकू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात न बसणारे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जळालेल्या वायरिंगचं बिल वेगळं.

ते दोन बल्ब अजून माझ्याकडे आहेत. बुडाला थोडं काळं लागलंय, पण दोन्ही उत्तम पेटतात. कुणाला हवे असतील तर खोक्यासकट फुकट देईन. होल्डर मात्र आपापला आणावा.