खोडीला आलेला भाव
गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने 1958 साली ‘जॅझमास्टर’ ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, ती नावाप्रमाणे जॅझवाल्यांसाठी. त्यांतल्या बहुतेकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तार जरा जोरात छेडली की ब्रिजवरच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरच्या, खाचेतून टुणकन बाहेर. ब्रिज स्वतःच डुलतो, खुळखुळतो. वरच्या कडेला एक चिमुकला स्विच. चुकून बोट लागलं की आवाज थेट घोंगडीखाली! 1980 च्या सुमारास कंपनीनेच हात टेकले. मग अमेरिकेतल्या गहाणवटीच्या दुकानांत धूळ खाणारी ही गिटार खिशात दमडी नसलेल्या पोरांनी स्वस्तात उचलली. ‘सॉनिक यूथ’ या रॉक बँडने तर ब्रिजमागच्या तारांचा किणकिणाटही संगीतात घेतला. झालं, कालपर्यंतची खोड आज ‘कॅरेक्टर’ ठरली. (माणसांच्या बाबतीत हा नियम फक्त श्रीमंतांना लागू आहे.) आता साठच्या दशकातली जॅझमास्टर रुपयांत लाखांच्या घरात जाते. आणि एवढे पैसे मोजून घरी आणल्यावर हौशी मालक आधी काय करतो? ब्रिज बदलतो. जुना ब्रिज मात्र फडक्यात गुंडाळून केसमध्ये जपून ठेवायचा. उद्या विकताना ‘सगळं ओरिजिनल’ असं छातीठोक सांगता यायला हवं ना!