तंटामुक्त व्यापार : भिवंडी हद्दीतील भिडूंसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्र शासनाने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधावरचे, भावकीतले, वाटेवरचे तंटे गावातच बसून मिटवावेत, हा तिचा हेतू. पण मोहीम गावांसाठी. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीत एखाद्या ओट्यावर सहा जण ‘व्यापार’ खेळत असतील आणि त्यांच्यात भाड्यावरून जुंपली असेल, तर त्यांना ना समिती, ना अध्यक्ष. ही उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन प्रसृत करण्यात येत आहे. ते आजपासून अमलात येईल. मागील डावांना लागू होणार नाही. का, ते पुढे येईलच.

प्रथम व्याख्या. ‘व्यापार’ म्हणजे दोन फासे, खोट्या नोटा, खरी भांडणं आणि शहरांची नावं छापलेला तो चौकोनी पट. ‘भिवंडी व्यापार’ म्हणजे त्याच पटावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून शहरांच्या जागी आपले नाके, आळ्या आणि पाडे बसवलेली स्थानिक आवृत्ती. आमच्या पटावर दिल्ली गेली आणि शिवाजी चौक आला. हैदराबादवर पद्मानगर बसलं, कारण तेलुगू दोन्हीकडे सारखीच ऐकू येते. सिमला कामतघरला दिला, कारण वऱ्हाळा तलावामुळे संध्याकाळी तिथे जरा झुळूक असते. मुंबई मात्र आहे तशीच ठेवली. तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. प्लॅस्टिकची हिरवी घरं हरवली, त्यांच्या जागी सुताच्या रिकाम्या कांड्या आल्या. कांडी बुडाशी जाड, वर निमुळती; उभी छान राहते, पण पंखा लावला की आधी हॉटेलं कोसळतात. ‘भिडू’ म्हणजे चार ते सहा माणसं. सातवा आला तर तो बँकवाला. ‘बँकवाला’ म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांचा संशय असतो तो.

तंटा उद्भवताच पहिलं पाऊल नियमांचा कागद शोधण्याचं. हे पाऊल केवळ उपचार म्हणून टाकावं. कागद सापडत नाही. सापडला तर अर्धा सापडतो आणि त्याच्या पाठीमागे कुणीतरी दुधाचा हिशेब केलेला असतो. तरीही डबा उपडा करून, गादी उचलून, कपाटाखाली झाडू घालून शोध जरूर घ्यावा. तेवढ्या वेळात निम्मे तंटे आपोआप थंड होतात आणि उरलेल्यांत कुणाची बाजू काय होती याचा घोळ होतो.

दुसरं पाऊल म्हणजे डोंबिवलीहून आलेल्या पाहुण्याला गप्प करणं. ‘आमच्याकडे असं नाही खेळत’ हे वाक्य तो हमखास उच्चारतो, आणि तेही आपली सोंगटी जेलच्या तोंडाशी आल्यावरच. त्याला इतिहास सांगावा. १९०४ साली अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंना ‘लँडलॉर्ड्स गेम’ या पटाचं पेटंट मिळालं. जमीनमालक भाडेकरूला कसा पिळतो हे लोकांना कळावं म्हणून बाईंनी तो रचला, आणि त्याला नियमांचे चक्क दोन संच जोडले. एकात एकाने बाकीच्यांना नागवायचं, दुसऱ्यात सगळ्यांची भरभराट व्हायची. लोकांनी अर्थातच पहिला उचलला. पुढची तीसेक वर्षं हा खेळ हातोहात पसरला. माणसं घरीच कापडावर पट रंगवत, आपल्या गावच्या रस्त्यांची नावं त्यात घालत आणि नियम सोयीने वाकवत. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने तो चार्ल्स डॅरोकडून घेऊन ‘मोनोपॉली’ म्हणून बाजारात आणला, तेव्हा त्यावर अटलांटिक सिटी या एका गावाचे रस्ते होते. तात्पर्य, पट्ट्या चिकटवणं ही भिवंडीची आगळीक नसून घराण्याची रीत आहे. पाहुणा तरीही बोलत राहिला तर त्याला चहा द्यावा.

आता मूळ छापील नियमांचंच प्रमाण मानावं असं कुणी म्हणेल, तर त्यालाही सावध करणं आवश्यक आहे. मोनोपॉलीच्या छापील नियमांत एखादी जागा तुम्ही घेतली नाही तर बँकेने तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा असतो. जेलमध्ये बसलेल्या गड्याला बाहेरच्या जागांचं भाडं राजरोस मिळतं. फुकट पार्किंगच्या घरात दमडीही मिळत नाही. घरं फक्त ३२ आणि हॉटेलं १२. ती संपली की पैसा असूनही बांधता येत नाही. आणि भिडूंनी एकमेकांना उसने पैसे द्यायचेच नाहीत! हे शेवटचं कलम भिवंडीत वाचून दाखवलं तर लोक हसतील. ज्या गावात सूत उधार, मजुरी थकीत आणि कापडाचे पैसे ‘पुढच्या महिन्यात बघू’ असतात, तिथे उसनवारीवर बंदी म्हणजे खेळावरच बंदी.

सबब कागदावर नव्हे, वहिवाटीवर चालावं. वहिवाटीची कसोटी सोपी : जी गोष्ट सलग तीन डाव कुणीही न भांडता चालली, तो नियम. ज्या गोष्टीवर भांडण झालं, ती अजून नियम नाही. तिचा ठराव करायचा आणि तो पुढच्या फेरीपासून लावायचा. चालू फासा, चालू भाडं, चालू जेल यांना तो कदापि लावू नये. हे कलम या मार्गदर्शनाचा कणा आहे, बाकी सगळं फावल्या वेळात वाचलं तरी चालेल. कारण उघड आहे. पुढच्या फेरीत त्या घरात कोण जाऊन पडणार, हे कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा माणसं अचानक न्यायी होतात. चालू फेरीसाठी मात्र फासा सरळ पुन्हा टाकायचा, रडारड नाही.

किरकोळ तंटे झटपट उरकू. पट दुमडून दुमडून मध्ये फाटलेला असतो, त्यावरच्या चिकटपट्टीची कड उचललेली असते आणि फासा नेमका त्या फटीत तिरका अडकतो. पाच म्हणायचं की तीन? वर दुसरा फासा ठेवून पाहावा. तो राहिला तर पडलेला आकडा खरा, घसरला तर पुन्हा टाका. फासा ओट्याखाली गटारात गेला तर आकडा बाद, आणि तो काढून धुवायचं काम टाकणाऱ्याचं. आपल्याकडच्या काही पटांवर ‘चान्स’च्या चिठ्ठ्या नसतात, मधोमध आकड्यांचा तक्ता छापलेला असतो. तिथे ज्या दानाने आलात तोच आकडा बघायचा की फासे नव्याने टाकायचे, यावर आमच्या आळीत दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात लग्नं होत नाहीत. दोन्ही बरोबर आहेत. डाव मांडतानाच एक ठरवा. लाइट गेली की सगळ्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवावेत, बँकवाल्याने आधी.

लिंबूटिंबूचं प्रकरण मात्र वाटतं तितकं पोरकट नाही. घरातलं धाकटं पोर रडू नये म्हणून त्याला खेळात घेतात. ते फासा टाकतं, सोंगटी सरकवतं, पण भाडं देत नाही आणि हरत नाही. इथपर्यंत ठीक. पण दिवाळं निघायच्या बेतात असलेले थोरले भिडू आपली शिवाजी चौकातली मोक्याची जागा हळूच लिंबूटिंबूच्या नावावर करतात, वर ‘बक्षीस दिलं त्याला, खूश झाला बघ’ म्हणतात. देशात बेनामी व्यवहारांविरुद्ध कायदा १९८८ पासून आहे, ओट्यावर तो अजून पोचलेला नाही. यापुढे लिंबूटिंबूला जागा विकत घेता येईल, बक्षीस घेता येणार नाही. आणि तो झोपला की त्याची इस्टेट बँकेत जमा.

आता गहन भागाकडे वळू. मूळ पटावर रेल्वेची चार स्टेशनं असतात आणि एकाच्या हाती जास्त आली की भाडं चढत जातं. आमच्याकडे स्टेशन एकच, वसई-दिवा मार्गावरचं भिवंडी रोड. उरलेल्या तीन जागी आम्ही अंजुरफाटा, राजनोली आणि वंजारपट्टी नाका घातले. यावर तंटा असा : नाका हे स्टेशन आहे काय? ज्याच्याकडे चारही कार्डं होती तो म्हणे, अर्थातच. ज्याच्यावर भाडं बसत होतं तो म्हणे, नाक्यावर गाडी थांबते ती ट्रॅफिकमुळे, तिकिटामुळे नव्हे. युक्तिवाद बिनतोड होता, आणि अंजुरफाट्याला अडकलेल्या कुणालाही तो पटेल. अखेर ठराव असा झाला की नाक्याला स्टेशनचं भाडं द्यायचं, पण नाक्यावर आलेल्या गड्याची पुढची पाळी हुकते. भाडं घेणाऱ्यालाही हे लागू, तो स्वतः तिथे पोचला तर.

त्याहून बिकट वीज कंपनीचं घर. भिवंडीत वीज महावितरणची, पण २००७ च्या जानेवारीपासून तिचं वाटप आणि बिलांची वसुली टोरंट पॉवरकडे आहे; अशा फ्रँचायझीचा देशातला हा पहिला प्रयोग म्हणून तो प्रसिद्ध आहे. तेव्हा ज्याच्याकडे वीज कंपनीचं कार्ड होतं त्याला वाटलं, आपणही ते शेजारच्या भिडूला चालवायला का देऊ नये? दिलं. मालकी एकाची, वसुली दुसऱ्याची. मग एकजण तिथे पडला, चालवणारा वडापाव खाण्यात गुंग, भाडं मागायचं राहिलं, पुढचा फासा पडला. मालक ओरडला, ‘माझा हिस्सा टाक!’ चालवणारा म्हणाला, ‘मिळालंच नाही तर देऊ काय, चटणी?’

इथे वहिवाट उपयोगी पडत नाही, प्रत्यक्षाकडे पाहावं लागतं. खऱ्या व्यवहारात महावितरणला पैसे मिळतात ते शहरात शिरलेल्या युनिटांप्रमाणे. त्यातली किती वसूल झाली, कुठे गळती झाली, ही फ्रँचायझीची डोकेदुखी. तोच न्याय पटावर लावला : सोंगटी जितक्या वेळा त्या घरात पडेल तितक्या वेळा मालकाचा ठरलेला हिस्सा चालवणाऱ्याने द्यायचा, वसुली होवो न होवो. हा निकाल लागल्यापासून वडापाव डावानंतर मागवला जातो.

आणि मजुरीचा तंटा. इथल्या यंत्रमागाचा धंदा बराचसा मजुरीवर चालतो. व्यापारी सूत देतो, मागवाला विणून तागे परत करतो, मजुरी पिकामागे, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, पैशांत ठरते. माग एकाचा, माल दुसऱ्याचा. हीच पद्धत पटावर अशी शिरली की ज्याच्याकडे जागा आहेत पण नोटा नाहीत, त्याच्या जागेवर दुसऱ्याने आपल्या कांड्या उभ्या करायच्या आणि भाड्यातून त्याला मजुरी द्यायची. छान चाललं. मग जागावाल्याचं तिसऱ्याच्याच हॉटेलवर दिवाळं निघालं. तिसरा म्हणाला, जागा माझी, कांड्यांसकट. कांड्यावाला म्हणाला, ‘कांड्या माझ्या आहेत, नुसत्या उभ्या त्याच्याकडे आहेत.’ ‘मग घे उचल आणि ठेव माळ्यावर!’

निकाल : सूत ज्याचं, तागा त्याचा. मागवाला बुडाला म्हणून व्यापाऱ्याचं सूत मागवाल्याच्या घेणेकऱ्यांना जात नाही. तेव्हा जागा तिसऱ्याला, कांड्या मूळ धन्याला, अर्ध्या किमतीत बँकेला परत. दोघेही नाराज झाले, म्हणजे निकाल साधारण बरोबर असावा.

नियम काय ते जगभर एकच असतात असा ज्यांचा समज आहे, त्यांनी देशी बुद्धिबळाकडे पाहावं. त्यात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर चाले. राजाला, शह बसायच्या आत, एकदा घोड्याची उडी घेता येई. आणि समोरच्याचं शेवटचं मोहरं मारून नुसता राजा उरवला तर ‘बुर्जी’, म्हणजे जिंकत आलेला डाव बरोबरीत. तपशील प्रांताप्रांतात वेगळे. अशाच देशी खेळावर वाढलेले मीर सुलतान खान विलायतेत गेले आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन आले. बुर्जीची कल्पना व्यापारात आणावी, कुणाची शेवटची जागा हिसकावू नये, असा प्रस्ताव आमच्यात मांडला गेला होता. कल्पना सुसंस्कृत आहे. डाव मध्यरात्रीपर्यंत संपत नाही एवढाच तिचा दोष. मी विरोधात मत दिलं.

राहिला पंच. बँकवाला नको, पटाचा मालक तर नकोच. तो हरायला लागला की पट दुमडतो. आधी दिवाळं निघालेला भिडू सर्वांत चांगला. त्याला आता काही मिळवायचं नसतं आणि घरी जायची घाई असते, त्यामुळे निकाल लवकर लागतात. फक्त त्याला बुडवणारा भिडू वादी-प्रतिवादींत नाही याची खात्री करावी.

शेवटी तक्रारीची भाषा. आमच्या ओट्यावर मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा तिन्ही घरचे भिडू असत, आणि जो तो आपल्या भाषेत चढ्या आवाजात न्याय मागे. यावर उपाय असा की तक्रारदाराने तक्रार समोरच्याच्या भाषेत मांडावी. माणूस व्याकरण सांभाळू लागला की आवाज खाली येतो. उर्दूत ‘भाडं’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी या विचारात भाड्याची रक्कमच विसरल्याची उदाहरणं आहेत. पद्मानगरच्या गड्याविरुद्ध तेलुगूत तक्रार मांडायची वेळ आलीच, तर मागेल तेवढं भाडं मुकाट देऊन टाकावं; स्वस्त पडतं.