खुर्चीतले कलावंत

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर एक अन्याय चालू आहे. कौतुक सगळं रंगमंचावरच्यांचं. खुर्चीतल्या कलावंतांचं श्रेयनामावलीत नाव नाही, की त्यांना नाइट नाही.

त्यांची मेहनत तर बघा. तिसरी घंटा होते. मोबाइल बंद ठेवण्याची विनंती होते. ती शेजारच्याला उद्देशून असते हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पडदा उघडतो. बाप-लेकाचा प्रसंग रंगतो, नट बोलता बोलता थांबतो. हा पॉज त्याने तालमीत घासून घासून बसवलेला. नेमक्या त्याच जागी डी रांगेतून गणपतीची आरती सुरू होते. टायमिंग म्हणतात ते हे! काका आधी चष्मा शोधतात, मग पिशवी, मग पिशवीतला फोन. बंद करतील तर काका कसले? उचलतात, आणि दबक्या आवाजात, म्हणजे बाल्कनीला ऐकू जाईल इतपतच, सांगतात, "नाटकात आहे." खोटं काय त्यात? त्या घडीला नाटकात तेच असतात.

मागच्या काकूंकडे निवेदन. त्यांनी हे नाटक आधी पाहिलेलं आहे. "आता बघ हं, हा जाणार," असं त्या वहिनींना सांगतात आणि आख्ख्या रांगेला रहस्याच्या ताणातून सोडवतात.

बालगंधर्वांच्या काळी प्रेक्षक पदांना वन्स मोअर देत आणि नाटक रात्रभर रंगे. आता तेवढा वेळ कुणाला? वन्स मोअर फक्त फोन घेतो. उचलला नाही की पुन्हा वाजतो. शेवटच्या प्रवेशाला तर लोक पार्किंगच्या काळजीने आधीच उभे असतात.

मध्यंतरात मात्र कडक समीक्षा होते. वडा पूर्वीसारखा राहिलेला नाही, चटणीत दम नाही, चहा पाणचट. आणि नाटक? "बरंय."

अशात एखादा नट प्रयोग थांबवतो, पुढे येतो आणि हात जोडून म्हणतो, "तुमचं बोलणं होऊ द्या, आम्ही थांबतो." सभागृहात शांतता पसरते. रसिकांना प्रसंगाचं गांभीर्य कळतं. मग शूटिंग करायला निम्मं सभागृह मोबाइल बाहेर काढतं.